खरखर

जावयाला एक वाईट खोड होती. दुसऱ्याची वस्तू दिसली की ती सुधारल्याशिवाय त्याच्या हाताला चैन पडत नसे. लॉन्ड्रीचं दार उघडताना कुरकुरायचं, त्यावरून मागच्या खोलीत कपडे भिजवणाऱ्या सासूला गिऱ्हाईक आल्याचं कळायचं. यानं एका दुपारी न विचारता बिजागरीला तेल पाजलं. तेव्हापासून गिऱ्हाइकं भुतासारखी काउंटरपाशी येऊन उभी राहत आणि ती दचकून त्यांच्याच नावानं खडे फोडत असे.

तरी ती जावयाला बोलली नाही. लेकीच्या तोंडाकडे बघून पुष्कळ पोटात घालावं लागतं. पण पोटालाही तळ असतो.

नवरा गेल्यापासून तिच्या जिवाला एकच विसावा होता. लेकीनं बापाला दिलेलं काडेपेटीएवढं गाण्याचं यंत्र. त्यात गाणी ढीगभर होती, ती ऐकायची मात्र एकच. नवरा इस्त्री करताना गुणगुणायचा, ते लेकीनं त्याच यंत्रात टिपून ठेवलं होतं. शब्द त्याच्याच मनचे, जुळलेही नव्हते. ओल्या सदऱ्यावर इस्त्री टेकली की 'छस्स' व्हायचं आणि त्या 'छस्स'वर तो सम गाठायचा. मध्येच मागून ती ओरडायची, "अहो, कॉलर जळेल!" मग तो हसायचा. एवढंच.

जावई आवाजाची यंत्रं विकणाऱ्या दुकानात होता. त्यानं एकदा तिला ऐकताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, हे काय कानात कोंबलंय? डब्यात तोंड घालून गायल्यासारखं वाटत असेल!"

"डब्यात तर डब्यात. माझा माणूस आहे, कुठंही गाईल."

त्यानं चांगले इयरफोन आणून दिले. "रबर कानात घट्ट बसलं पाहिजे, नाहीतर खालचे सूर बाहेरच सांडतात. आवाज शेवटपर्यंत चढवायचा नाही, फाटतो. आणि ही घुमवायची, ठोका वाढवायची सेटिंगं सगळी बंद. मसाला कमी, चव जास्त."

तिनं नाक मुरडतच कानात घातले. आणि पहिल्यांदाच तिला नवऱ्याचा श्वास ऐकू आला. ओळ संपवून पुढची आठवताना तो जरा थांबायचा, तेही कळलं. ती पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "जावईबापू, कान आहे हो तुम्हाला."

तिथंच माशी शिंकली. कौतुकानं फुगलेला जावई यंत्र घरी घेऊन गेला. "आणखी चांगलं करून आणतो, बघाच!"

आणलं तेव्हा ती इस्त्रीच्या टेबलापाशीच बसली. रबर नीट बसवलं, आवाज बेतात ठेवला, सगळं त्यानं शिकवलं तसं. नवरा गाऊ लागला. आवाज स्वच्छ होता, उकळून काढलेल्या कापडासारखा. पण इस्त्री कुठं होती? ठेका नसलेला तो सूर रिकाम्या खोलीत चाचपडत होता. आणि मग नवरा एकाएकी हसला. कशावर, कुणावर, काही नाही. वेडा माणूस हसावा तसा.

तिनं इयरफोन काढले. "इस्त्री कुठंय?"

"ती खरखर होय? साफ केली! मागून कुणाचा तरी ओरडाही येत होता, तोही काढला."

"तो ओरडा माझा होता."

जावई ओशाळून हसला. "असं होय! पण आता बाबा कसे स्वच्छ ऐकू येतात."

"आधीचं द्या परत."

"ते पुसलं हो. उगाच जागा खातं." तिचं तोंड पाहून तो घाईनं म्हणाला, "एवढं काय त्यात? कुठल्याही इस्त्रीचा आवाज टिपून मागे टाकून देतो. इस्त्री ती इस्त्री!"

तिनं इयरफोन गुंडाळून खणात ठेवले. तिला ओळखणारा कुणी तिथं असता, तर तिची ही गप्प बसण्याची तऱ्हा बघून त्यानं पायांत चपला सरकवल्या असत्या. जावई मात्र पाणी पिऊन निवांत गेला.

आठवडा झाला नाही तोच तो पुन्हा दारात. दार आता कुरकुरत नव्हतंच. हातात त्याचं पांढरं जाकीट. पाठीवर एका मोठ्या गायकाची निळ्या शाईतली सही. जावई तरुणपणी रांगेत चेंगरून ती घेऊन आला होता आणि तेव्हापासून जाकिटाला पाणी लावलं नव्हतं. दुकानात पाहुणे यायचे होते, तेव्हा ते घालून मिरवायचं होतं.

"आई, नुसती इस्त्री. बाकी काही नको."

"ठेवा," ती म्हणाली.

तिनं स्पिरिट काढलं, जुना मऊ कपडा घेतला. शाई आधी पसरली, मग फिकी झाली, मग कपड्यावर उतरली. साबण, कोमट पाणी, पुन्हा साबण. जन्मभर लोकांचे डाग काढले, पण एवढ्या मायेनं कुणाचा काढला नव्हता. मग तिनं जाकिटाला अशी इस्त्री केली की शिवणसुद्धा लाजली असती.

संध्याकाळी जावई लेकीला घेऊन आला. जाकीट उलगडलं, पाठ पाहिली, पुन्हा पुढून पाहिलं, जणू सही चुकून खिशात गेली असेल.

"आई... सही?"

"कसली सही? निळी खरखर होती मागं. साफ केली."

"अहो, ती परत कशी मिळायची मला! तो माणूस आता कुणाला भेटतही नाही!"

"माझा तरी कुठं भेटतो?"

लेक आईकडे बघत राहिली. मग तिला उमगलं आणि तिनं नवऱ्याच्या बाजूनं एक शब्द काढला नाही.

म्हातारीनं काउंटरवरचं पेन उचललं, टोपण काढलं आणि जाकिटाची पाठ पुढ्यात ओढली. "एवढं काय त्यात? मी करते की. मला सही तेवढी येते. सही ती सही!"

जावयानं जाकीट छातीशी धरलं. खाली बघत म्हणाला, "मला कळलं नाही, आई. ती इस्त्री... मला खरंच नुसती खरखर वाटली."

तिनं पेनाला टोपण लावलं.

"कळलं नाही, हे खरं असेल. पण विचारलं नाहीत, हेही खरं. ऐका आता. लेकीकडे बघून या घरात तुम्हाला पाट मिळेल, ताट मिळेल, जावई म्हणून मानही मिळेल. पण माझ्या घरातली साधी झाकणी जरी हातात घेतलीत, तरी आधी मला विचारायचं. आणि मी 'नाही' म्हणणार. जन्मभर 'नाही'च म्हणणार. जा, घाला ते जाकीट आणि मिरवा. स्वच्छ दिसतंय."