गाडीत नसलेला आवाज

त्या गॅरेजवाल्याला सगळे कानसेन म्हणत. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि दुखणं सांगायचं, ही त्याची रीत. त्याने डोळे मिटले की आजूबाजूचे लोक बोलायचे थांबत. खोटं कशाला बोला, अलीकडे गाडी बरी होण्यापेक्षा त्याला तेच जास्त आवडायचं.

नर्सबाईंची मोटरसायकल मात्र डोक्याला ताप झाली होती. बाई घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधत. सर्व्हिसिंग करून नेलेली गाडी त्यांनी परत आणली. म्हणे, थंड असताना टकटक करते, तापली की गप्प. कानसेनला काही टकटक ऐकू आली नाही. तरी त्याने टॅपेट जुळवून दिले. बाई पुन्हा आल्या, तेव्हा इंजिन उघडून आतली चेनच बदलली. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा शेजारचा कुलूपवाला गप्पा मारायला बसलेला होता. त्याच्यासमोर कानसेन म्हणाला, "बाई, आवाज गाडीत नाही, तुमच्या कानात आहे." कुलूपवाला पोट धरून हसला. बाईसुद्धा थोडं हसल्या आणि गेल्या.

आज त्या गाडी ढकलत घेऊन आल्या. चालू केली तर तापेल आणि आवाज जाईल, म्हणून घरापासून ढकलत. कपाळावरचे केस घामाने चिकटले होते.

"दादा, मी कान तपासून आले," त्या म्हणाल्या. "दोन्ही चांगले आहेत. म्हटलं, एकदा पुन्हा बघाल का?"

टोमणा असता तर त्याने सव्याज परतवला असता. पण बाई खरोखरच त्याच्या शब्दाखातर डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. आजही गप्पांना येऊन बसलेला कुलूपवाला हातातली किल्ली उगाच निरखू लागला.

कानसेनने किक मारली, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. आत नुसती घरघर, गोधडीखालून यावी तशी. डोळे उघडले तर मागच्या खोलीत सीटची कव्हरं शिवणारी त्याची बायको दारात उभी होती. ती, बाई आणि कुलूपवाला, तिघंही इंजिनाच्या एकाच बाजूला बघत होते. मग बायकोने नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं. जिन्याच्या काठावर गेलेल्या पोराकडे बघावं, तसं. तिला हे आजच कळलेलं नव्हतं.

'हां, येतोय आता' हे शब्द ओठांवर तयार होते. आणखी एखादा भाग बदलला असता, कोण विचारणार होतं?

"मला ऐकू येत नाहीये," तो म्हणाला. इंजिनाच्या आवाजात ते कुणाला पोचलं नाही. मग पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा ते फार जड गेलं.

आवाज कुठून येतो ते दाखवा, असं त्याने बाईंना विनवलं. त्या वाकल्या आणि सायलेन्सरचा पाइप इंजिनाला मिळतो तिथे बोट केलं. त्याने तळहात जवळ नेला. सांध्यातून धुराचे बारीक फुत्कार हाताला लागत होते. सर्व्हिसिंगच्या वेळी सायलेन्सर त्यानेच उतरवला होता, आणि सांध्यातली चपटी झालेली जुनी रिंग 'चालतंय' म्हणून पुन्हा घातली होती. दुखणं होतं कातडीवर आणि त्याने पोट फाडलं होतं.

गाडी बंद करून त्याने हेही सांगून टाकलं. "माझ्याच हातचं आहे, बाई."

"म्हणजे आवाज आहे ना?"

"आहे."

"बरं झालं. मला वाटायला लागलं होतं, मला भ्रम होतोय."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याने नवी रिंग घातली. पण खात्री करायची तर इंजिन पुरतं निवायला हवं. सगळे बसून राहिले. कुलूपवाल्याने हवापाण्याचा विषय काढून पाहिला, तो कुणी उचलला नाही. बायकोने बाईंना पाणी दिलं, मग यालाही दिलं. ते हातात धरून तो गाडीकडे बघत बसला.

अखेर त्याने किक मारली. या वेळी स्क्रूड्रायव्हर उचलला नाही. बाईंनी ऐकलं आणि मान डोलावली. त्या भिडस्त, त्यांचा भरवसा नाही, म्हणून त्याने बायकोकडे पाहिलं. ती वाकून, पदर सावरत, सांध्याजवळ तोंड नेऊन ऐकत राहिली. तिला काही घाई नव्हती. तो उभा राहिला, हात पुढे बांधून, निकालाची वाट बघत.