तिसरं कलम

अवूरने भावाच्या हातातून कागद ओढून घेतला आणि तिसरं कलम पुन्हा मोठ्याने वाचलं. कर्मचाऱ्याचा ध्वनिमुद्रित आवाज कायमचा रेडिओ केंद्राच्या मालकीचा राहील.

“म्हणजे रे काय?”

“म्हणजे जुन्या टेपा त्यांच्या,” ओचोला ताटातून मान वर न करता म्हणाला. “तुला काय लोणचं घालायचंय त्यांचं? सोमवारपर्यंत सही कर आणि मिळतायत ते पैसे पदरात पाडून घे. गळा कापून नेतायत का तुझा?”

किसुमूच्या रेडिओवर अठरा वर्षं ती दुपारच्या निधनवार्ता वाचत आली होती. दहा दिवसांपूर्वी चौघांना कामावरून काढलं, त्यांत तीही. केंद्राचे साहेब म्हणाले, कलम नेहमीचंच आहे. वकील म्हणाला, सही करू नका. आणि तिला दारापर्यंत पोचवताना म्हणाला, नड असेल तर करूनही टाका. ज्याला विचारावं त्याचं ऐकेपर्यंत पटायचं, आणि उंबरा ओलांडला की डोक्यात पुन्हा तोच गुंता.

शेजारच्या दुकानातला रेडिओ एकचे ठोके देऊ लागला. सवयीने तिने घसा खाकरला.

“आहेरोचे मास्तर निया-बोला यांचं काल दुःखद निधन झालं...”

आवाज तिचाच होता. तोच संथ सूर, नावाआधी तेच थांबणं. ओचोलाचा मासळीचा घास हातातच राहिला.

“जुनी टेप असेल,” तो चाचरत म्हणाला.

“न्याबोला मास्तर मला रविवारी बाजारात भेटले होते.”

तिने साहेबांना फोन लावला. संगणकाला तिचा आवाज शिकवून पाहतोय, नुसती चाचणी आहे, असं काहीबाही ते बोलले. पुढचं तिला नीट ऐकूच आलं नाही.

शनिवारी ती आहेरोला दफनाला गेली. मांडवात मास्तरांच्या बायकोने तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

“तू वाचलंस, बरं वाटलं गं. सगळे रेडिओला कान लावून बसलो होतो.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “नाव तेवढं चुकलीस. तू चुकशील असं वाटलं नव्हतं.”

अवूरने तोंड उघडलं. मी नव्हते, असं सांगायचं होतं. पण मग कोण होतं? भोवतालच्या बायका तिच्याकडेच बघत होत्या.

“चुकलं, काकू,” ती म्हणाली. “माफ करा.”

सोमवारी तिने कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पानं उलटली. सहीची जागा कोरी होती.

“अजून किती पैसे हवेत?”

तिने नकारार्थी मान हलवली.

“न्याबोला,” ती म्हणाली. “मास्तरांचं नाव न्याबोला होतं, साहेब.”