चार बोटं जागेतला पूर्वज

बॅलिनुराच्या डेव्हरल घराण्यात मूल जन्माला आलं की रडायचं नाही, हरकत घ्यायचं. सहा पिढ्या बॅरिस्टर. त्यातले तिघं न्यायाधीश. आणि एक पणजोबा तर असे, की शेवटच्या घटकेला आलेल्या पाद्र्याचीच त्यांनी उलटतपासणी सुरू केली, आणि ती संपेपर्यंत पंधरा दिवस जास्त जगले. जमीन दोन हजार एकर, त्यातली निम्मी दलदल; पण त्या दलदलीत कुठला बेडूक आपला आणि कुठला शेजाऱ्याचा, हेसुद्धा कोर्टातून ठरवून घेतलेलं.

अशा घरात थिओडोशिया आत्या चौऱ्याहत्तर वर्षं मजेत राहिली होती. लग्न केलं नाही. विचारायला आलेले सगळे बॅरिस्टर होते, आणि ती म्हणायची, ‘दिवसभर वाद घालणारे भाऊ आहेतच की घरात, आणखी एक कशाला?’

पण त्या रविवारी सकाळी तिचा चहा अर्धाच राहिला. भाची हेस्टर दार आपटून आत आली आणि धपकन समोर बसली.

“आत्या, बाबा लग्नाला नाही म्हणाले.”

“अगं बाई! कशावरून? मॅलकी दुसऱ्या चर्चला जातो म्हणून?”

“छे! ते कसं म्हणतील?” आणि खरंच कसं म्हणणार? डेव्हरलांच्या खापरपणजोबांनी, त्या काळी ठरावीक चर्चच्या माणसालाच बॅरिस्टर होता येई म्हणून, एका शनिवारी चर्च बदललं होतं. बायको म्हणाली, तुम्ही खुशाल बदला, मला माझं बरं आहे. तेव्हापासून मुलगे एका चर्चला आणि मुली दुसऱ्या, असंच घर चाललेलं.

“मग सॉलिसिटर आहे म्हणून?”

“त्यावर नाक मुरडून झालं. कोर्टात उभा न राहता नुसते कागद खरडणारा म्हणाले. पण खरा मुद्दा पूर्वजांचा. मॅलकीचे आजोबा दुसऱ्याची गुरं हाकायचे, आणि आपण सर हॅम्लिनचे वंशज! आठशे वर्षांचं रक्त म्हणे गुरांच्या वाटेला लावायचं नाही.”

आत्याच्या हातातला चमचा बशीत पडला.

“आणि ऐक ना, मंगळवारच्या बोटीनं तो लिव्हरपूलला निघालाय. तिथं नोकरी मिळतेय त्याला. बाबा हो म्हणाले तरच थांबेल. म्हणतो, रोज तुझं घर समोर बघत इथं नाही राहवणार.”

“मग जा की त्याच्याबरोबर. बोटीत दोघांना जागा असते.”

“आणि बाबा? मी गेले तर वर्षभर जेवायचे नाहीत ते. मला दोघंही हवेत, आत्या.” हेस्टर रडायला लागली. डेव्हरल घरातली माणसं रडतानासुद्धा मुद्देसूद रडतात, पण ही अगदी साधी, नाक गळेपर्यंत रडली. तेव्हा आत्याला राहवेना.

कारण सर हॅम्लिन तिनंच जन्माला घातला होता.

त्याचं असं झालं. थिओ चौदा वर्षांची असताना तिच्या वडिलांनी जुन्या कागदांचं एक पोतं तिच्यापुढे टाकलं. म्हणाले, “तुझं अक्षर चांगलं आहे. घराण्याची वंशावळ चर्मपत्रावर उतरवून काढ. शेजारच्या लोकांची आठ पिढ्यांची आहे, आपली त्याहून लांब निघाली पाहिजे.” पोरीनं सगळं पोतं उपसलं. सगळ्यात जुना माणूस निघाला तो नॅथॅनिएल डेव्हरल, फौजेतल्या घोड्यांना नाल ठोकणारा. त्याच्या मागं काही नाही. आणि चर्मपत्राच्या माथ्यावर चार बोटं जागा कोरीच राहिली. ती इतकी वाईट दिसायला लागली, की तिनं तिथं एक सरदार बसवला. सर हॅम्लिन द डेव्हरल. नॉर्मन राजाबरोबर आला, दोनशे शत्रू मारले. मग वाटलं दोनशे जास्त होतात, म्हणून एकशे नव्व्याण्णव केले.

वडिलांनी तो कागद चौकटीत बसवून जेवणाच्या खोलीत लावला, आणि हॅम्लिन वाढायला लागला. पाहुणे आले की त्याला एक पराक्रम फुटायचा. त्यानं फाटकाचं दार उपटून सिंह मारला. सैतानाशी नदीच्या हद्दीवरून दावा मांडला आणि जिंकला; म्हणून तर नदी गावापाशी वळते. यातले निम्मे पराक्रम आत्याचेच, आणि उरलेले तिच्या धाकट्या भावाचे, म्हणजे हेस्टरच्या बाबांचे, अँब्रोजचे. अँब्रोज पुढे न्यायाधीश झाला, सर अँब्रोज झाला, आणि त्यानं चर्चच्या रंगीत काचेत हॅम्लिनला घोड्यावर बसवलं. नाक मात्र स्वतःचं दिलं.

आता साठ वर्षांनी तोच हॅम्लिन पोरीच्या लग्नाच्या आड घोडा घालून उभा होता.

“डोळे पूस,” आत्या म्हणाली. “फिर्याद लाव.”

डेव्हरलांच्या घरात भांडण झालं की कुणी अबोला धरत नसे. जेवणाच्या टेबलावर खटला चालायचा. घरातला कर्ता पुरुष न्यायाधीश व्हायचा, विग म्हणून चहा गरम राहावा यासाठी किटलीवर घालायची लोकरीची टोपी डोक्यावर चढवायचा, आणि एकदा निकाल लागला की तो सगळ्यांवर बंधनकारक. फिर्याद न्यायाधीशावरच असली तरी तोच न्यायाधीश. त्याला कधी कुणी हरकत घेतली नव्हती. सर अँब्रोजनं एकदा मुरंबा चोरल्याबद्दल स्वतःलाच दोषी ठरवलं होतं आणि आठवडाभर कोरडा पाव खाल्ला होता. माणूस हट्टी, पण निकालाला पक्का.

दुपारी मॅलकी टूहीला बोलावणं गेलं. लांब, हडकुळा, कान जरा जास्तच मोठे, असा तो मुलगा टोपी हातात घेऊन भिंतीला टेकून उभा राहिला. स्वयंपाकीण हॅनोराबाई दारात उभी.

“मटण भाजून झालंय,” ती म्हणाली. “अर्ध्या तासात निकाल लावा. नंतर त्याचे जोडे शिवावे लागतील.”

“कोर्टात शांतता!” सर अँब्रोज म्हणाला. निळ्या लोकरीच्या टोपीचा गोंडा त्याच्या कपाळावर डुलत होता. “फिर्यादीचा पहिला साक्षीदार?”

“मिस थिओडोशिया डेव्हरल, मिलॉर्ड,” हेस्टर म्हणाली.

कायद्याच्या जाडजूड पुस्तकावर हात ठेवून आत्यानं शपथ घेतली. भिंतीवरच्या वंशावळीकडे बघितलं. आपल्या भावाचा सगळ्यात लाडका माणूस ती आज मारणार होती. पण समोर हेस्टर उभी होती.

“साक्षीदारानं सांगावं, सर हॅम्लिनबद्दल तिला काय माहीत आहे?”

“सगळं माहीत आहे. मीच बनवलाय तो.”

सर अँब्रोजच्या कपाळावरचा गोंडा डुलायचा थांबला.

“ताई,” सर अँब्रोज हळूच म्हणाला, “शपथ घेतलीयस तू.”

“म्हणूनच खरं बोलतेय ना! एरवी कधी बोलते का मी? माथ्यावर चार बोटं जागा उरली होती रे. वाईट दिसत होतं. आपला मूळ पुरुष नाल ठोकणारा नॅथॅनिएल. घोड्याखाली वाकलेला, घोड्यावर बसलेला नव्हे. मग मॅलकीच्या आजोबांनी गुरं हाकली तर बिघडलं कुठं? दोघंही चार पायांच्या जिवावर जगले.”

मॅलकीचे कान लाल झाले. हॅनोराबाईनं तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावला.

सर अँब्रोजनं भिंतीवरच्या वंशावळीकडे बघितलं. सत्तरीला आलेला माणूस, पण चेहरा झाला होता खेळणं मोडलेल्या पोरासारखा. मग हळूहळू त्याच्या डोळ्यांत ते जुनं तेज आलं. कायद्यातली फट सापडली की यायचं तेच. आत्याला ते ओळखीचं होतं.

“हा दस्तऐवज,” सर अँब्रोज ताठ बसून म्हणाला, “किती जुना आहे?”

“साठ वर्षांचा,” हेस्टरला सांगावंच लागलं.

“कायदा काय सांगतो, मिस्टर टूही? कागद खरडणाऱ्यांना तरी एवढं ठाऊक असेल.”

“तीस वर्षांहून जुना दस्तऐवज, जिथं असायला हवा तिथंच सापडला, तर खरा धरला जातो, मिलॉर्ड,” मॅलकी खालच्या आवाजात म्हणाला.

“उत्तम! आणि साठ वर्षं तो याच भिंतीवर आहे. शिवाय तो साक्षीदाराच्याच हातचा. स्वतः लिहिलेलं स्वतःच खोटं म्हणायची परवानगी हे कोर्ट कुणालाही देत नाही. तेव्हा निकाल असा, की या वंशावळीत जे लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं. सर हॅम्लिन होते!” आणि त्यानं अक्रोड फोडायच्या हातोडीनं टेबलावर दणका दिला. गोंडा उडाला.

हेस्टरनं डोळे मिटले. मॅलकीनं टोपी डोक्यावर घातली.

“अक्षर न् अक्षर?” आत्यानं विचारलं.

“अक्षर न् अक्षर.”

“दुमडलेलंसुद्धा?”

“दुमडलेलं म्हणजे?”

“आपले वडील कसे चिक्कू होते, आठवतं ना? नवी चौकट केली नाही. घोड्याच्या चित्राची जुनी होती, ती अरुंद पडली. म्हणून सुतारानं चर्मपत्राची डावी बाजू मागं दुमडली. तिथंही मी लिहिलंय काहीतरी. खोटंच आहे म्हणून सांगणार नव्हते. पण आता कोर्टच म्हणतंय की खरं आहे, तर मी कोण बोलणार?”

सर अँब्रोजनं टोपी जरा मागं सरकवली. “दस्तऐवज उतरवा,” तो म्हणाला, पण आवाजात आधीचा जोर नव्हता.

मॅलकीनं चौकट उतरवली. हॅनोराबाईनं कांदे चिरायच्या सुरीनं मागचे खिळे उचकटले. साठ वर्षांची घडी कुरकुरत उघडली, आणि हेस्टरनं वाचायला सुरुवात केली.

“सर हॅम्लिन यांस मुलगे दोन. धाकटा रॉजर, त्याचा वंश डेव्हरल. थोरला फेलिम. सर्वांत देखणा व शहाणा. वाद घालण्याचा कंटाळा आल्यामुळे गुरं घेऊन डोंगरापलीकडे गेला व तिकडेच सुखात राहिला. त्याचा वंश टूही.”

“टूही!” सर अँब्रोज ओरडला. “ताई, हे काय?”

“मॅलकीचा आजा डिनी टूही. बारा वर्षांचा होता तेव्हा,” आत्या म्हणाली, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी लाजली. “मी दलदलीत कमरेपर्यंत रुतले होते. गुरं सोडून धावत आला आणि दोरानं ओढून काढलं त्यानं. ओढताना म्हणाला, जड आहेस गं. तुम्ही सगळे काठावर उभे राहून वाद घालत होता, दोर कुणाच्या मालकीचा म्हणून. मग मी त्याला वंशाची थोरली पाती दिली. दुसरं काय होतं माझ्यापाशी द्यायला?”

“हे... हे सगळं बनावट आहे!”

“असू दे की,” आत्या गोड आवाजात म्हणाली. “पण तीस वर्षांहून जुनं आहे. आणि भिंतीवरच होतं.”

“मिलॉर्ड,” हेस्टर उठून उभी राहिली. आवाज थरथरत होता, आता हसू दाबल्यामुळे. “कोर्टाच्या निकालाप्रमाणे मिस्टर टूही थोरल्या पातीचे, आणि आपण धाकट्या. तेव्हा प्रश्न असा, की त्यांनी आपल्यात लग्न करावं इतके आपण चांगल्या घरचे आहोत का?”

सर अँब्रोज स्वतःच्याच निकालाच्या कात्रीत अडकला होता. त्यानं छताकडे बघितलं. हातोडीकडे बघितलं. कागदावरचं पोरीसोरीचं, गोल गोल अक्षर पुन्हा वाचलं. ‘वाद घालण्याचा कंटाळा’ यापाशी त्याचं बोट थांबलं. आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. आत्याला वाटलं रडतोय. पण तो हसत होता. इतका हसला, की किटलीची टोपी सरकून डाव्या कानावर आली आणि तिथंच लोंबत राहिली.

“फिर्याद मंजूर,” तो डोळे पुसत म्हणाला. “थोरल्या पातीची हरकत नसेल तर.”

“माझी काही हरकत नाही,” मॅलकी म्हणाला. तेवढ्यात हेस्टर त्याच्या गळ्यात पडली, त्यामुळे पुढचं काही ऐकू आलं नाही.

“मग बसा आता!” हॅनोराबाई ओरडली. “मटण कधीचं वाट बघतंय!”

बसले सगळे. मटण चामड्यासारखंच झालं होतं, पण कुणी हरकत घेतली नाही; त्या घरात हे पहिल्यांदाच घडलं. पहिले दोन घास झाल्यावर सर अँब्रोजनं खाकरून मॅलकीकडे बघितलं. “काय हो, तुमच्या बाजूला, म्हणजे डोंगरापलीकडे... सर हॅम्लिनबद्दल कधी काही बोललं जायचं का?”

आता हा काय सांगतो, आत्याला कळेना. पोरगा सॉलिसिटर. पुराव्याशिवाय शब्द उच्चारत नाही अशी त्याची ख्याती.

मॅलकीनं काटा खाली ठेवला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “आजोबा सांगायचे, साहेब. पराक्रम सगळे खरे, म्हणायचे. पण एका गोष्टीला भ्यायचे. बोकडाला. एकदा बोकड मागं लागला तो तीन गावं. सर हॅम्लिन पुढे, बोकड मागं, चिलखत खडाडतंय. म्हणून तर आपला रस्ता असा वाकडातिकडा झालाय.”

“तीन गावं?” सर अँब्रोजनं हातातली सुरी टेबलावर ठेवली. “शक्यच नाही! फार तर दोन. तिसऱ्या गावाला तेव्हा पूल कुठं होता?”

“पोहत गेले, साहेब.”

“चिलखतासकट?”

“बोकड होता ना मागं.”

थिओडोशिया आत्यानं शांतपणे मॅलकीच्या ताटात मटणाचा आणखी एक तुकडा वाढला, आणि नीट ऐकता यावं म्हणून खुर्ची पुढे ओढली.