कुंकवाने उजळलेले नाव

मी एक जुना थिओडोलाइट आहे. नाव बोजड वाटले ना, मित्रांनो? सोपे करून सांगतो. तीन पायांवर उभी राहून जमिनीचे कोन मोजणारी दुर्बीण म्हणजे मी. स्वभावाने जरा तिखट, पण मापाला पक्का.

माझा जन्म बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या गुंडोअण्णांच्या कारखान्यात झाला. तेव्हा असली उपकरणे विलायतेहून येत. "हे इथे होणे नाही," असे लोक म्हणत. अण्णांनी श्वास रोखून माझ्या पितळी चकतीवर एकेक रेघ कोरली. शेवटी स्वतःचे नाव कोरून त्यात काळी लाख भरली. पुढे मी तलावांचे बांध मोजले, जे. पी. नगरचे रस्ते आखले. तिथला एखादा रस्ता वाकडा दिसलाच, तर तो नंतरच्या लोकांचा प्रताप समजा!

म्हातारपणी मी अण्णांच्या मुलीकडे, सुलभाताईंकडे आलो. दर खंडेनवमीला त्या मला चिंचेने लख्ख घासत. फार माया त्यांची! पण घासता घासता लाख निघून गेली आणि पितळेच्या चकाकीत अण्णांचे कोरलेले नाव दिसेनासे झाले.

१९९६ साली शहरातल्या जुन्या उपकरणकारांचे प्रदर्शन भरणार होते. तिथे अण्णांचे नाव लागावे, एवढीच ताईंची आस होती. खंडेनवमीच्या सकाळी प्रदर्शनाचे व्यवस्थापक हयवदन घरी आले.

"अक्का, स्वल्प अडचण आहे. यावर नाव नाही. पाटीवर 'विलायती' असंच लिहावं लागेल."

"अहो, माझ्या वडिलांनी केलंय हे!"

"मला पटतं हो. पण लोक पुरावा मागतील ना."

मी विलायती? माझा नुसता संताप झाला, पण मला तोंड कुठे होते! ताईंचे डोळे भरून आले. पूजेसाठी उचललेला करंडा हातातून निसटला आणि सगळे कुंकू माझ्यावर सांडले. त्यांनी घाईघाईने पदराने पुसले. वरचे कुंकू गेले, कोरलेल्या खाचांमधले तसेच राहिले.

हयवदन वाकले. लाल कन्नड अक्षरे त्यांनी मोठ्याने वाचली, "गुंडो माडिद्दु, मल्लेश्वरम."

"गुंडोनं बनवलं!" ताई ओरडल्याच. "अण्णा, तुमचं नाव आलं हो!"

"सरी, सरी, ठीक आहे अक्का," हयवदन हसले. "पाटी बदलतो. आणि याला मधोमध ठेवतो."

ठेवलेही. कुंकवासकट मी तिथे ऐटीत उभा राहिलो आणि ताई येणाऱ्या प्रत्येकाला ते नाव वाचायला लावत होत्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण त्या चकचकीत करण्याच्या नादात घडवणाऱ्याचे नाव पुसू नका. मला आता कुणी चिंचेने घासत नाही. मी थोडा काळवंडलो आहे, पण माझ्या अण्णांचे नाव दारातूनही वाचता येते.