तिसरं मशीन

"त्याला सांग, माझ्या खोलीतला हीटर परत ठिणग्या मारतोय," भाऊसाहेब म्हणाले.

दिलीप त्याच टेबलाशी, त्यांच्या समोर बसला होता. तो पोहे खात म्हणाला, "बाबांना सांग, इलेक्ट्रिशियन संडेला येतोय."

"रविवारी येतोय," संपदाने सासऱ्यांना सांगितलं.

"ऐकलं मी. बहिरा नाही झालो. त्याला म्हणावं, तोवर काय रजईत बसून मटार सोलू?"

"बाबांना सांग, आयडिया बुरी नाही."

संपदाला हसू आलं. त्या दोघांनाही आलं, पण दोघांनी ते आपापल्या ताटलीत लपवलं.

फरीदाबादच्या या फ्लॅटमध्ये सहा वर्षं असंच चाललं होतं. त्याआधी एका सकाळी भाऊसाहेबांच्या पत्नी, प्रमोदिनीताई, अत्यवस्थ झाल्या. भाऊसाहेबांनी त्या दाखल होत्या त्याच हॉस्पिटलात ऑपरेशनला होकार दिला. त्याच वेळी दिलीपने मोठ्या हॉस्पिटलची अँब्युलन्स बोलावली. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. आत थिएटर तयार, खाली अँब्युलन्स उभी, आणि जिन्यात बाप-लेक भांडत राहिले. त्या गेल्या. भांडणात गेलेल्या त्या वेळेने काही फरक पडला असता का, हे कोणत्याही डॉक्टरने सांगितलं नाही. तेव्हापासून दोघं फक्त संपदाशी बोलत.

दिलीप ऑफिसला गेला. संपदाने खिडकीशी लॅपटॉप उघडला. धुक्याने समोरची इमारत पुसून टाकली होती, मग खालचा रस्ता, मग बाल्कनीतली तुळस. फ्लॅट कुठेतरी तरंगत असल्यासारखा वाटत होता.

तिची कंपनी डेटा साठवण्याचं सॉफ्टवेअर बनवत असे. खऱ्या मशीनवर चढवण्याआधी ते खोट्या मशीनवर तपासायचं, आणि ती खोटी मशीन उभी करणं हे संपदाचं काम होतं. तिने कमांड दिल्या. लॅपटॉपच्या पोटात एकामागून एक तीन कम्प्युटर जागे झाले. त्यांतल्या प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याला खरी डिस्क आहे, खरी वायर आहे, बाहेर खरं जग आहे. त्यांना तसं वाटू देण्यातच सगळं कौशल्य होतं. इथे काहीही तोडलं तरी कुणाचं नुकसान होत नसे.

पहिली दोन मशीन एकच डेटा सांभाळत. तिसरं अगदी छोटं होतं. त्यात काहीच साठवलेलं नव्हतं. मधली वायर तुटली, की पहिल्याला वाटायचं दुसरं मेलं आणि दुसऱ्याला वाटायचं पहिलं मेलं. तेव्हा कोण जिवंत आहे आणि कुणी काम चालू ठेवायचं, एवढंच तिसऱ्याने सांगायचं.

टीमचा प्रमुख निहार गुरुग्रामहून कॉलवर आला. "मॅडम, वायर तोडा. आणि तिसरं पण बंद करा."

तिने केलं. पडद्यावर धावणाऱ्या ओळी दोन्हीकडे एकदम थबकल्या.

"दोन्ही थांबली," ती म्हणाली.

"बढिया! मग टेस्ट पास."

"पास कसली? काम बंद पडलंय, निहार."

"पडू दे ना. दोघांनी आपापलं वेगवेगळं लिहीत बसण्यापेक्षा हे बरं. ते नंतर जुळवता येत नाही, यार. बंद पडलेलं चालू करता येतं."

संपदा पडद्याकडे बघत राहिली. दोन कर्सर आपापल्या जागी नुसते लुकलुकत होते. कुणी हाक मारेल म्हणून थांबल्यासारखे.

"मॅडम? ऐकताय ना? पुण्याला जायचं काय ठरलं? आता हेच खऱ्या मशीनवर करायचंय, तीन महिने. दोनदा तुम्ही नाही म्हणालात. या वेळी टीममधली मयुरा जायला तयार आहे, पण सेटअप तुमचा आहे. संध्याकाळपर्यंत सांगा."

पलीकडच्या खोलीतून भाऊसाहेबांचा आवाज आला, "संपदा, त्याला फोन करून विचार, माझा चष्मा मिळाला का दुकानातून?"

"संध्याकाळपर्यंत कशाला?" संपदा निहारला म्हणाली. "मी जाते."

रात्री जेवताना तिने दोघांना सांगितलं.

भाऊसाहेबांचा घास हातातच राहिला. "त्याला विचार, त्याला चालणार आहे का हे?"

"बाबांना सांग, चालायचं काय त्यात? तिचं काम आहे. जायलाच हवं."

"मग मी वेगळं काय म्हणतोय, विचार त्याला."

संपदाने कुणालाच काही विचारलं नाही. वरणाचं पातेलं टेबलाच्या मध्यावर ठेवलं. ते कुणीच ओढून घेतलं नाही. 

"संपदा," शेवटी दिलीप हळूच म्हणाला, "तीन महिने आम्ही काय करायचं?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली. ते खरं होतं.

सोमवारी सकाळी टॅक्सी आली तेव्हा धुकं जमिनीला टेकलं होतं. दोघंही तिला सोडायला खाली आले. दिलीपने बॅग डिकीत ठेवली. भाऊसाहेबांनी दार लावलं आणि ते नीट लागलं का हे पुन्हा पाहिलं. मग एक गाडीच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला उभा राहिला.

टॅक्सी निघाली, तशी मधली जागा रिकामी झाली. संपदाने मागच्या काचेतून पाहिलं. मफलर गुंडाळलेले दोन पुरुष, मध्ये गाडीएवढं अंतर. भाऊसाहेबांनी दिलीपकडे मान वळवली. त्यांच्या तोंडापुढे वाफेचा एक पांढरा गोळा तरंगला.

ते काही बोलले, की नुसता श्वास सोडला, हे काचेतून कळेना. तिने काच पुसली. वाफ फक्त त्या एका तोंडातून निघाली होती, हे तिने पाहिलं. दिलीपच्या तोंडून उत्तराची वाफ निघते का, हे ती बघत राहिली, धुकं मध्ये येईपर्यंत.