एका पानात दोन इंगुन

मी एक जुने पान आहे. पण मित्रांनो, मला झाड नाही, वही नाही आणि जुन्या पानांना येतो तो वासही नाही. इंटरनेटवर एक मोठा ज्ञानकोश आहे. त्यात कोणीही यावे, लिहावे आणि दुसऱ्याचे खोडावे. त्यातलेच मी एक पान. माझ्या माथ्यावर एका नटीचे नाव आहे, इंगुन मार्कुसदोत्तिर. शाळेच्या निबंधासाठी तुम्ही माझ्यासारखी कितीतरी पाने उघडली असतील आणि भराभर उतरवून घेतली असतील. आज थोडे माझेही ऐका. मी खोटे बोलतो, आणि ते थांबवणे माझ्या हातात नाही.

आइसलँडच्या उत्तरेला सेल्विक नावाचे बंदराचे गाव आहे. तिथले भूगोलाचे शिक्षक ब्रांदुर मास्तर निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात बर्फावरून घसरले आणि घोटा मोडून घरी बसले. बसल्या बसल्या ते बायकोच्या स्वयंपाकाला नावे ठेवू लागले, तेव्हा तिने कंटाळून त्यांच्या पुढ्यात संगणक ठेवला. मास्तरांनी आधी डोंगरांची पाने लिहिली, मग नद्यांची, मग पुलांची. डोंगर, नद्या आणि पूल संपल्यावर ते माणसांकडे वळले. अशा रीतीने माझा जन्म झाला.

माझी इंगुन मास्तरांच्या घरापासून चौथ्या घरात राहत होती. विचारायला गेले असते तर गरम कॉफी मिळाली असती आणि खरे काय तेही कळले असते. पण मास्तरांचा छापील शब्दावर भारी जीव. ते जुन्या वर्तमानपत्रांत डोके घालून बसले आणि एकेक ओळ वेचून त्यांनी मला घडवले. एकसष्ट साली राजधानीत एक नाटक गाजले होते. त्यात दीपगृहाच्या राखणदाराची मुलगी इंगुन मार्कुसदोत्तिरने अशी उभी केली की शेवटी लोक टाळ्या वाजवायचे विसरून नुसते बसून राहिले, असे छापून आले होते. ती भूमिका मास्तरांनी माझ्या अगदी वरच्या भागात, दागिन्यासारखी बसवली.

ते दिवस फार चांगले होते. मुले मला छापून शाळेत नेत. नाट्यसंस्था आपल्या पत्रिकेत माझी वाक्ये घालत. रेडिओवरच्या बाईने तर मला अक्षरशः वाचून दाखवले आणि 'आमच्या माहितीनुसार' म्हणाली. मला वाटे, मी नसतो तर या नटीला कोण विचारणार होते? गर्व झाला होता, दुसरे काय.

मग इंगुनचा ऐंशीवा वाढदिवस आला. गावाच्या वाचनालयात लोक जमले, साखर घालून गुंडाळलेल्या धिरड्यांची ताटे मांडली होती, आणि ग्रंथपाल बाईंनी मला मोठ्या पडद्यावर उघडून वाचायला सुरुवात केली. दीपगृहातली मुलगी येताच टाळ्या पडल्या. तेव्हा इंगुन खुर्चीचा आधार घेऊन उभी राहिली.

"ते काम माझं नव्हतं," ती म्हणाली. "त्या नाटकात मी मोलकरीण होते. दोनदा कॉफी आणायची आणि एकदा रडायचं. बस."

सगळे हसले. मागून कोणीतरी म्हणाले, "एवढी मोठी नटी, पण गर्व म्हणून नाही बघा." पुन्हा टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात ब्रांदुर मास्तर वाजवत होते. इंगुन खाली बसली आणि तिने पुढचे धिरडे बशीतच ठेवले.

मित्रांनो, खरे काय होते ते मला त्यानंतर हळूहळू कळले. या देशात माणसाच्या नावापुढे बापाचे नाव लागते, मार्कुसदोत्तिर म्हणजे मार्कुसची मुलगी. नावे ठरावीक, बापही ठरावीक, त्यामुळे एकाच नावाच्या दोन बायका सहज निघतात. ओळख पटावी म्हणून टेलिफोनच्या यादीत नावापुढे धंदा लिहायची पद्धत आहे. पण त्या काळी राजधानीत इंगुन मार्कुसदोत्तिर दोन होत्या आणि दोघी नट्या होत्या, तेव्हा त्याचाही काही उपयोग नव्हता. मंडळीत त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. दीपगृहातली मुलगी थोरलीने केली, मोलकरीण धाकटीने, म्हणजे सेल्विकच्या माझ्या इंगुनने. जाहिरात छापताना छापखान्यातल्या माणसाने एकच नाव दोनदा पाहिले, त्याला ती चूक वाटली आणि त्याने मोलकरणीची ओळच काढून टाकली. त्या वेळी दोघी पोट धरून हसल्या होत्या म्हणे.

दोन वर्षांनी थोरली कोपनहेगनला शिकायला गेली आणि तिथेच तापाने वारली. तिच्या मागे कोणी नव्हते. इथे माणूस गेला की त्याचे नाव रेडिओवर सांगतात. तसे सांगितले गेले, आणि सेल्विकमधल्या शेजारणी डोळे पुसत, केक घेऊन धाकटीच्या आईच्या दारात उभ्या राहिल्या. दार सुट्टीला घरी आलेल्या धाकटीनेच उघडले. गावभर आधी घबराट आणि मग हसू पसरले. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. अभिनेत्री इंगुन मार्कुसदोत्तिर जिवंत व ठणठणीत आहेत, रेडिओवरील निवेदन गैरसमजातून झाले होते. झाले, गावाला हायसे वाटले. थोरलीचे मरणच चुकीची बातमी ठरले.

मास्तरांना त्या दोन ओळी सापडल्या होत्या. त्यांनी त्या माझ्या पायथ्याशी तळटीप म्हणून जोडल्या होत्या आणि त्यांना त्या शोधाचा फार अभिमान होता.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी इंगुनने त्यांना पोहण्याच्या तलावावर गाठले. अख्खे गाव सकाळी तिथल्या गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसून जगाचा निकाल लावते. निकाल लावून झाल्यावर दोघे ओल्या केसांनी बाहेरच्या बाकावर कॉफी घेऊन बसले. मास्तरांच्या फोनवर मी उघडा होतो. इकडे लहानथोर सगळेच एकमेकांना नावाने आणि अरे-तुरेनेच बोलावतात.

"ब्रांदुर, ते काम थोरल्या इंगुनचं होतं. माझ्यावरून काढ ते."

"छापून आलेलं काही दाखव, आत्ता काढतो."

"हातात कॉफीचा ट्रे घेऊन मी रोज पडद्याआडून तिला बघत होते रे."

"तू बघितलंस, मला शंका नाही. पण तुझ्या पानाला तूच साक्षीदार कशी चालशील? नियम आहे तसा."

"मग कोण चालेल? त्या वेळची सगळी माणसं आता चर्चच्या मागे झोपलीयत."

मास्तरांनी बोटाने मला वर सरकवले आणि तिला ती तळटीप दाखवली. मेलेली इंगुन नावाची कोणी नव्हतीच, तो गैरसमज होता, असे त्यात स्पष्ट छापले आहे, असे ते समजावू लागले. वर्गातल्या मुलाला समजवावे तसे, अगदी प्रेमाने. इंगुनने चष्मा लावून त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या.

"म्हणजे ती मेलीसुद्धा नाही?" तिने विचारले.

मास्तरांनी फोन खिशात ठेवला. त्यांनी कॉफी संपवली.

त्यानंतर इंगुन स्वतः माझ्याकडे आली. तिच्या भाचीची मुलगी स्वाला तिच्या शेजारी बसून शिकवत होती. वाकड्या बोटांनी एकेक अक्षर शोधत तिने लिहिले की दीपगृहातली मुलगी थोरल्या इंगुनने केली, तिचे केस काळे होते, ती शिट्टी फार छान वाजवायची आणि ती कोपनहेगनला वारली. काय सांगू मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला स्वच्छ वाटले. संध्याकाळच्या आत मास्तरांनी ते पुसून टाकले. कारण म्हणून त्यांनी लिहिले, 'पुरावा नाही. लिहिणारी व्यक्ती स्वतः विषयाशी संबंधित.' तिने पुन्हा लिहिले, त्यांनी पुन्हा पुसले. शेवटी मला कुलूप लागले, म्हणजे मास्तरांखेरीज कोणाला माझ्यावर काही लिहिता येईना. मास्तर दुष्ट नव्हते. त्याच आठवड्यात तिच्या दारातला बर्फ त्यांनीच फावड्याने ओढून दिला.

वर्तमानपत्रालाही तिने लिहून पाहिले. इथे कोणी गेले की ओळखीपाळखीचे लोक त्याच्यावर वर्तमानपत्रात आठवणींचे लेख लिहितात. मासे साफ करणाऱ्यावरही लिहितात, मंत्र्यावरही. पण ते पान ताज्या मृतांसाठी असते, साठ वर्षांपूर्वी गेलेल्या बाईवर आता लेख घेता येणार नाही, असे उत्तर आले. साधे पत्र म्हणून छापता येईल, असेही त्यांनी कळवले. मास्तर म्हणाले, पत्र म्हणजे पुन्हा तुझेच म्हणणे.

"तेव्हाच का नाही लिहिलंस?" स्वालाने तिला विचारले.

"बसले होते की लिहायला," इंगुन म्हणाली. "वर मेलेल्याचं नाव घालावं लागतं. घातलं, तर माझंच नाव. खाली सही करायची, तर तेच. आईने बघितलं आणि कागद चुलीत घातला. म्हणाली, अभद्र करू नकोस. मला बरंच वाटलं, खरं सांगते. मी भित्री होते."

वर्षे गेली. कुलूप घातलेल्या पानाला धूळ बसत नाही, पण माझ्यावर नवे काहीच चढत नव्हते. इंगुन अंथरुणाला खिळली. एके दिवशी स्वाला तिला माझ्यातली चित्रे दाखवत होती, तेव्हा इंगुन म्हणाली, "मी गेले की तू माझ्यावर लिहिशीलच. माझं काही लिहू नकोस. तिचं लिही. छापून आलं की ब्रांदुर ऐकेल. इतके दिवस मरणाची भीती वाटायची बघ, आता घाई झालीय." आणि ती हसली. माझ्यापुढे आजवर कितीजण हसले असतील, पण ते हसू मला सहन झाले नाही.

वसंत लागता लागता ती गेली. स्वालाने लेख लिहिला. आपल्या या आजीबद्दल तिने थोडेच लिहिले. बाकी सगळे थोरलीबद्दल होते. दीपगृह, काळे केस, शिट्टी, छापखान्याची गंमत, ताप, आणि शेवटी एक विनंती, की ज्याचे काम त्याला परत द्यावे. लेख वर्तमानपत्राकडे गेला. तिथे एक तरुण, प्रामाणिक उपसंपादक होता. दुःखात माणसे काहीबाही चुका करतात आणि मग घरच्यांना वाईट वाटते, हे त्याला ठाऊक होते. म्हणून तो प्रत्येक लेखातली माहिती तपासून घेत असे.

तपासायला त्याने मला उघडले.

मी काय करणार होतो? मला ओरडता येत नाही. त्याने माझी वरची ओळ वाचली, तळटीप वाचली, समाधानाने मान हलवली आणि परत गेला. अंत्यविधीच्या दिवशी लेख छापून आला. 'माझ्या आजीच्या या बहिणीने दीपगृहातली मुलगी अजरामर केली,' असे त्यात होते, आणि खाली स्वालाचे नाव होते. थोरली कुठेही नव्हती.

स्वाला अंगातला काळा कोटही न काढता मास्तरांकडे आली. मास्तर रडत होते. लेख त्यांनी कापून ठेवला होता आणि माझ्या पायथ्याशी नवी तळटीपही जोडली होती.

"मी हे लिहिलं नव्हतं, ब्रांदुर. त्यांनी बदललं."

"अगं, पण तुझ्या नावाने छापलंय."

"मी त्यांना फोन केला. ते म्हणतात, आम्ही खात्री करून घेतली. कुठून, तर तुझ्या पानावरून."

मास्तरांनी डोळे पुसून मला समोर ओढले. मग त्यांनी कुलूप उघडले आणि एक वाक्य लिहिले, की या नावाची आणखी एक अभिनेत्री होती. ते वाचले, पुन्हा वाचले. पुढे पुराव्याची जागा रिकामी होती. त्यांनी ते वाक्य स्वतःच पुसले, इंगुनच्या जन्मतारखेपुढे मृत्यूची तारीख घातली आणि डोळ्यांवर हात ठेवून बसून राहिले. स्वाला निघून गेली.

मित्रांनो, मला वाचणारे आता पूर्वीपेक्षाही जास्त आहेत. माझ्यावरून लेख होतात, लेखांवरून पुस्तके, आणि ती पुस्तके पुन्हा माझ्याच पायथ्याशी येऊन बसतात. तुमच्याकडे एकच मागणे आहे. माझ्यासारखे पान उघडलेत आणि ज्याच्याबद्दल ते आहे तो माणूस अजून जिवंत असेल, तर आधी त्याच्या घरी जा. तो 'हे मी नाही केलं' म्हणाला, तर हसू नका. त्याच्यानंतर फक्त आम्हीच उरतो.

दीपगृहातली मुलगी थोरल्या इंगुनने केली. तिचे केस काळे होते. हे मी तुम्हाला सांगितले, पण मला उघडून शोधाल तर कुठेच सापडणार नाही.