मधली भिंत

हे घर सोडून मोठ्या घरात जायचं की आहे त्यातच तोडफोड करून जागा काढायची, हा प्रश्न नवराबायकोत इतका चघळून झाला होता की त्याला आता चवही उरली नव्हती. नवऱ्याला जायचं होतं. बायको दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत बसून लोकांना 'जरा थांबा' सांगायची आणि संध्याकाळी तिला खोकी भरायचा नुसता विचारही सोसायचा नाही. पण तिनं ते कारण न सांगता सासऱ्यांना पुढे केलं. त्यांची नजर पुरती गेली होती, भिंतींवरून हात फिरवत ते घरभर हिंडायचे. "नव्या घरात बाबा चाचपडतच मरतील," ती म्हणाली, आणि एक घाव दोन तुकडे झाले. स्वयंपाकघर आणि बैठकीमधली भिंत पाडायची, बाकी कशाला हात लावायचा नाही, असं ठरलं.

घर पाहावं बांधून म्हणतात. पाडून पाहणाऱ्याचे हाल कुणी सांगत नाही. चहात धूळ, अंथरुणात धूळ. शेवटी एकदाचे गवंडी गेले. तिनं सासऱ्यांचा हात धरून त्यांना त्या मोकळ्या जागेतून इकडून तिकडे फिरवून आणलं.

"बाबा, आता इथे काही नाही हं."

"बरं," ते म्हणाले.

पण ते पूर्वीसारखेच चालत राहिले, रिकाम्या हवेवर तळहात टेकवत. सवय आहे, जाईल हळूहळू, असं नवरा म्हणाला. मग एके संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा सासरे त्याच जागी पाठ टेकून उभे होते. एक पाय मागे दुमडून, सगळा भार मागे टाकून, अगदी निवांत. मागे काहीच नव्हतं. असा उभा राहिलेला माणूस पडतो. ते पडत नव्हते. घाबरायचंही त्राण तिच्यात नव्हतं, तिनं चहा टाकला.

"आपण जाऊ या इथून," ती नवऱ्याला म्हणाली.

"आता? तुझ्याच हट्टापायी केलं ना हे सगळं?"



रविवारी सासरे पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि परत येताना मध्येच थबकले. त्यांनी समोर चाचपलं, मग वर, खाली, दोन्ही बाजूंना. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"सूनबाई, इथलं दार कुठे गेलं गं?"

"दार नाही बाबा, भिंतच नाही. या ना, सरळ या."

"कसा येऊ?"

त्यांचा आवाज रडवेला झाला होता. ती उठून त्यांच्यासमोर गेली, त्यांना धरून आणायला तिनं हात पुढे केला, आणि तिच्या तळव्याला गार गिलावा लागला.